एका पंगतीचे वसतिगृह

पेठ वडगाव हे नावच बाजाराचे आहे. सरसेनापती धनाजी जाधव यांची समाधी येथे असल्याने इतिहासाच्या अभ्यासकांना हे गाव ठाऊक आहे. परंतु पंचक्रोशीतील शेतकऱ्याला ते ठाऊक आहे ते बाजारासाठी. धान्य, गूळ, जनावरे यांचे व्यवहार या गावाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले. बाजाराचा एक गुण असा की, तेथे मालाला जात चिकटत नाही. कोणाच्याही शेतातील जोंधळा त्याच तागडीत पडतो आणि त्याच ढिगात मिसळतो. मात्र शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हाच जोंधळा पिकविणारा माणूस तहानेने व्याकूळ झाला, तर पाणवठ्याकडे पाऊल टाकण्यापूर्वी त्याला आपण कोण, हे आठवावे लागे. धान्याला जी मोकळीक होती ती माणसाला नव्हती. वडगाव काय किंवा महाराष्ट्रातील दुसरी कोणतीही पेठ काय, या बाबतीत डावे-उजवे करण्याजोगे काही नव्हते.

याच हातकणंगले तालुक्यात, बाहुबलीच्या डोंगराजवळ कुंभोज हे गाव आहे. तेथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी आजोळी भाऊराव पायगौंडा पाटील यांचा जन्म झाला. पुढे कर्मवीर म्हणून ते सर्व महाराष्ट्राला परिचित झाले. दर वर्षी सप्टेंबरात त्यांची जयंती येते, शाळांतून मिरवणुका निघतात, आणि रयत शिक्षण संस्थेच्या शाखा किती व विद्यार्थी किती, याचे आकडे भाषणांतून सांगितले जातात. आकड्यांविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. तथापि आकडे सांगून झाले की भाऊराव सांगून झाले, अशी जी समजूत रूढ झाली आहे ती त्यांच्यावर अन्याय करणारी आहे. शाळा काढणारे त्यांच्या आधीही होते आणि नंतरही झाले. खेड्यातून आलेल्या पोराच्या मनातील भीती कशाची असते, हे ओळखून तिच्यावर व्यवहारी उपाय शोधणारे फार थोडे.

अलीकडे कचेऱ्यांतून, शाळांतून, कुटुंबांतूनही भावनिक सुरक्षिततेची भाषा ऐकू येते. माणसाला आपण हिणवले जाणार नाही, चूक झाल्यास हाकलले जाणार नाही, याची खात्री असावी. मगच तो मोकळेपणाने बोलतो, शिकतो, काम करतो, असा त्या भाषेचा आशय आहे. आशय नवा नाही. भाऊरावांना हे शब्द माहीत नव्हते. पण ज्या जागेला हे वर्णन लागू पडेल अशी एक जागा त्यांनी साताऱ्यात उभी केली. ती कशी उभी राहिली, तिची किंमत कोणी दिली, हे पाहणे आजच्या चर्चेला उपयोगी पडणारे आहे.

भाऊरावांचे मूळ गाव वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. घराणे जैन, शेतकरी, मानी. वडील सरकारी महसूल खात्यात नोकरीस असल्याने बदल्या होत, आणि त्यांच्याबरोबर मुलाची शाळाही बदले. अभ्यासात ते फारसे चमकले नाहीत. अस्पृश्यांना पाणी भरू देत नाहीत म्हणून विहिरीवरचा रहाट मोडून पाण्यात ढकलणारा दांडगा मुलगा, अशी त्यांच्या बालपणाची एक कथा चरित्रकार सांगतात. तिच्यातील तपशील बाजूला ठेवला तरी स्वभावाची ओळख तिच्यातून पटते. अन्याय दिसला की प्रथम हात उठे. विचार मागाहून येई. हा स्वभाव शेवटपर्यंत पुरता गेला नाही.

शिक्षणासाठी ते कोल्हापूरला आले. राजाराम हायस्कूलमध्ये नाव घातले आणि राहण्याची सोय जैन बोर्डिंगमध्ये झाली. त्या काळचे कोल्हापूर हे वसतिगृहांचे शहर होते. शाहू छत्रपतींनी १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. त्यापाठोपाठ जैन, मुसलमान, लिंगायत आणि इतर अनेक समाजांची वसतिगृहे निघाली. प्रत्येक समाजाचे वसतिगृह निराळे. आज कोणी या योजनेला नाक मुरडील. परंतु महाराजांचा हिशेब चुकीचा नव्हता. ज्या पोराने गावाबाहेरचे जग पाहिले नाही, त्याला शहरात प्रथम आपल्या बोलीचा, आपल्या चवीचा, आपल्या देवाचा आधार लागतो. तो मिळाला तरच तो टिकतो. जातवार वसतिगृह हा निवारा होता, आणि निवाऱ्याशिवाय शिक्षण अशक्य होते.

त्या निवाऱ्याची मर्यादा मात्र भाऊरावांना स्वतःच्या अनुभवाने कळली. १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क यांच्या नावाने वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभास भाऊराव गेले. परत आल्यावर स्नान करून मगच भोजनगृहात यावे, असा बोर्डिंगचा दंडक होता. भाऊरावांनी स्नान करण्यास नकार दिला, आणि बोर्डिंगमधून त्यांची रवानगी झाली. त्या वेळी बोर्डिंगची व्यवस्था अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. लठ्ठे हे विद्वान, सुधारणावादी गृहस्थ. पुढे त्यांनी शाहू महाराजांचे चरित्र लिहिले, मुंबई प्रांताचे अर्थमंत्रिपद भूषविले. अशा माणसाच्या देखरेखीखालील घरातही असे घडावे, यात व्यक्तीचा दोष थोडा आणि रचनेचा अधिक. आपल्या माणसांच्या घरात आपण सुरक्षित असतो ते घराचे नियम पाळीपर्यंत. दुसऱ्याला शिवून आलो की आपणही परके. भाऊरावांना पुढे राजवाड्यावर आश्रय मिळाला, महाराजांचा सहवास लाभला. पण मॅट्रिकची परीक्षा काही पदरात पडली नाही. पदरात पडले ते हे ज्ञान, आणि ते परीक्षेपेक्षा कामाचे ठरले.

यानंतरची हकिकत अधिक दारुण आहे. १९१४ साली कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्यातील व्यक्तींच्या पुतळ्यास डांबर फासण्याचा प्रकार घडला. संशय लठ्ठ्यांवर होता, निदान त्यांना गुंतविण्याची खटपट चालली होती. त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. ज्याने आपल्याला बोर्डिंगबाहेर काढले त्याचा सूड उगविण्याची संधी आयती चालून आली होती. भाऊरावांनी खोटी साक्ष दिली नाही. त्याबद्दल कोठडी भोगली, छळ सोसला. जिवाला कंटाळून प्राण देण्याचेही प्रयत्न त्यांनी केले. हे सर्व घडले ते शाहू महाराजांच्याच संस्थानात, आणि पुढे आपल्या वसतिगृहाला भाऊरावांनी नाव मिळविले ते शाहू महाराजांचेच. यात विसंगती पाहणारे पाहोत. कोठडीतील दिवस त्यांनी पोलिसी कारभाराच्या खाती मांडले, आणि बहुजनांच्या पोरांना निवारा देण्याची कल्पना महाराजांच्या खाती. मनाचा असा चोख जमाखर्च ठेवणे सोपे नसते. भयाच्या हाती सापडलेला माणूस पुढे एकतर भय घालणारा होतो किंवा भय निवारणारा. भाऊराव दुसऱ्या वर्गातले निघाले, हे त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोठे वळण म्हटले पाहिजे.

मधल्या काळात त्यांनी साताऱ्यात शिकवण्या केल्या, ओगल्यांचे कंदील विकले, किर्लोस्करांच्या नांगराचा प्रचार केला. विक्रेत्याच्या या भटकंतीत सातारा जिल्ह्याची खेडी त्यांच्या पायाखालून गेली. दुधगावात मित्रांसमवेत विद्यार्थ्यांसाठी आश्रम काढण्याचा प्रयोग त्यापूर्वीच झाला होता. सत्यशोधक समाजाच्या चळवळीत ते वावरत होते. कराडजवळील काले या गावी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्यास हलले आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. मूठभर मुले, भाड्याची जागा, आणि घरची बाई स्वयंपाकाला, असे त्याचे प्रारंभीचे रूप होते.

या वसतिगृहाचा नियम एकच आणि साधा: सर्व जातींची मुले एकत्र राहतील, एकत्र रांधतील आणि एका पंगतीत जेवतील. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, ब्राह्मण. आज हे वाचताना काही विशेष वाटत नाही. १९२४ साली साताऱ्यासारख्या शहरात याचा अर्थ काय होता, हे समजण्यासाठी एवढेच लक्षात घ्यावे की, महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह अद्याप तीन वर्षे दूर होता. सार्वजनिक तळ्याचे पाणी ज्यांना मिळत नव्हते, त्यांची मुले येथे एकाच घागरीचे पाणी पीत होती, आणि ती घागर भरून आणण्याची पाळीही सर्वांना येत होती.

पाळीचा हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, आणि भाऊरावांच्या गुणगानात तो बहुधा निसटतो. मुले स्वतः भाकरी थापीत, सरपण आणीत, शेतात राबत, खडी फोडीत. श्रमाने शिक्षणाचा खर्च भागतो, एवढाच या पद्धतीचा अर्थ सामान्यतः लावला जातो. खर्चाचा प्रश्न होताच. संस्थेकडे पैसा नव्हता. तथापि त्याहून खोल असे काही त्यात होते. गरीब पोराला उपाशी राहण्यापेक्षाही उपकाराखाली राहण्याची लाज अधिक जाळते. वारावर जेवून शिकलेल्या कित्येकांनी उतारवयातही त्या ताटाचा चटका विसरलेला नसे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, आणि प्रत्येक घरी यजमानीणबाईंची मर्जी सांभाळायची. भाऊरावांच्या वसतिगृहात ही मर्जीच उरली नाही. भाकरी आपण भाजलेली, जोंधळा आपण मागून आणलेला किंवा पिकविलेला. मग मान खाली घालायची ती कोणापुढे? आणि ज्या मुलाला घरी कोणी झाडूला हात लावू दिला नसता, त्यालाही येथे झाडलोट करावी लागे. काम कोणाच्या जातीचे राहिले नाही, ते पाळीचे झाले. दयेने जे साधत नाही ते पाळीच्या तक्त्याने साधले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

परंतु हे घर केवळ नियमांवर चालले असते तर ती एक बरी चाललेली छावणी झाली असती. ते घर झाले ते लक्ष्मीबाईंमुळे. लक्ष्मीबाईंचे माहेर कुंभोजचे, संपन्न पाटलाचे. सोवळेओवळे, व्रते, देवदर्शन यांत वाढलेली ही मुलगी लग्नानंतर अशा घरात आली की, जेथे नवरा आज एका अस्पृश्याच्या पोराला बोटाला धरून आणी, तर उद्या दुसऱ्याला. भाऊरावांनी जातिभेद मनातून काढला होता तो वर्षानुवर्षांच्या चळवळीतून. लक्ष्मीबाईंना तो स्वयंपाकघरात, चुलीपुढे, एका दिवसाच्या अवधीत काढावा लागला. सुधारकांच्या चरित्रांत या भागाला दोन ओळी मिळतात. वस्तुतः सुधारणेचा खरा घाव बसतो तो तेथेच. आरंभी त्यांना हे जड गेले, यात नवल नाही. नवल आहे ते पुढे त्या बदलल्या याचे. मुलांच्या आजारपणात त्या उशाशी बसत, केस विंचरीत, रडणाऱ्या नव्या पोराला जवळ घेत. आईच्या हाताची सवय असलेले दहा-बारा वर्षांचे पोर प्रथमच घर सोडून येते, तेव्हा रात्री त्याला काय वाटते हे कोणत्याही घटनेत लिहून ठेवता येत नाही. ते कोणीतरी उठून पाहावे लागते.

वसतिगृहाच्या खर्चासाठी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने एकामागून एक गेले. भाऊराव बाहेरगावी असताना एकदा कोठीत दाणा उरला नाही आणि मुलांवर उपाशी राहण्याची वेळ आली. तेव्हा त्यांनी मंगळसूत्रही काढून दिले. त्या काळच्या सवाष्ण बाईने मंगळसूत्र मोडणे याचा अर्थ आजच्या वाचकाला पुरता उमगणे कठीण. लोकापवादाची भीती होती, अशुभाची धास्ती होती. त्या दोन्ही भीती त्यांनी स्वतःकडे घेतल्या आणि मुलांना जेवू घातले. आज जिला सुरक्षित जागा म्हणतात, ती फुकट कधीच तयार होत नाही. तिथल्या दुबळ्यांच्या वाट्याचे भय दुसऱ्या कोणीतरी आपल्या अंगावर घ्यावे लागते. साताऱ्याच्या वसतिगृहात ते बव्हंशी या बाईने घेतले. १९३० साली, वयाची चाळिशीही उलटलेली नसताना, त्या निवर्तल्या.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्यास आले असता वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव त्यांच्या हस्ते देण्यात आले. एका छपराखाली सर्व जातींची मुले नांदताना पाहून ते प्रभावित झाले. या भेटीने वसतिगृहाची कीर्ती झाली आणि कामाला पाठबळ मिळाले. पुढचा विस्तार थोडक्यात सांगता येण्याजोगा आहे. पुणे करारानंतर १९३२ साली पुण्यात युनियन बोर्डिंग निघाले; १९३५ साली साताऱ्यात शिक्षक तयार करणारे विद्यालय; १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल, जेथे कमवा आणि शिका हे तत्त्व माध्यमिक शिक्षणाला जोडले गेले; १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज. साताऱ्याच्या वसतिगृहात वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाच्या कुलगुरुपदापर्यंत पोहोचले. अशी आणखी कितीतरी नावे सांगता येतील, परंतु जी मुले साधे शिक्षक, कारकून, शेतकरी झाली आणि ज्यांनी आपल्या घरात पंगत एक ठेवली, त्यांची यादी कोणी केली नाही.

भाऊरावांना देवत्व देण्याची घाई करणाऱ्यांनी त्यांच्या स्वभावाची दुसरी बाजूही पाहावी. देणगीचे वचन मोडणाऱ्या साताऱ्यातील एका कारखानदारावर ते बंदूक घेऊन धावून गेले होते, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. गांधीहत्येनंतरच्या काळात त्यांच्या जाहीर भाषणाने सरकारचा रोष ओढवला आणि संस्थेचे अनुदान काही काळ बंद पडले. ते पुन्हा सुरू होईपर्यंत संस्थेचे हाल झाले. एका माणसाच्या जिभेची किंमत हजारो मुलांना मोजावी लागावी, हे योग्य नव्हते, असे कोणी म्हटले तर त्याला खोडून काढता येत नाही. मात्र हेही खरे की, जो माणूस सत्ताधाऱ्यांपुढे बोलताना शब्द गिळत नाही, त्याच्या छायेत वाढणाऱ्या पोरांना आपणही बोलावे असे वाटते. वसतिगृहाची शिस्त कडक होती. मऊपणाचे वारे तेथे नव्हते. हल्ली सुरक्षितता म्हणजे कोणी कोणाला काही न बोलणे, अशी एक समजूत पसरत आहे. ती साताऱ्याच्या वसतिगृहात टिकली नसती. चुकीबद्दल बोलणी बसत. जन्माबद्दल बसत नसत. फरक आहे तो येथे.

एक उणीव नोंदलीच पाहिजे. हे वसतिगृह मुलांचे होते. ज्या लक्ष्मीबाईंच्या श्रमांवर ते उभे राहिले, त्यांच्यासारख्या खेड्यांतील मुलींसाठी अशी व्यवस्था संस्थेत पुढे झाली, पण मागाहून झाली. बहुजन समाजाच्या शिक्षणाचा जो क्रम त्या काळी सर्वत्र होता, त्याला ही संस्थाही अपवाद ठरली नाही.

आज कोल्हापूर-सांगली पट्ट्यात निवासी शाळांची वाण नाही. पेठ वडगावच्या परिसरातही दूरदूरच्या गावांतून पालक मुलांना आणून सोडतात. इमारती पक्क्या आहेत, जेवणाची आबाळ नाही, पंगत तर केव्हाच एक झाली आहे. निदान भोजनगृहात तरी. सरकारची वसतिगृहे मात्र समाजकल्याण, आदिवासी, इतर मागास अशा खात्यांच्या भिंतींनी विभागलेली आहेत, आणि आपापल्या समाजासाठी स्वतंत्र वसतिगृहाची मागणी नव्या जोमाने पुढे येत आहे. त्या मागणीमागे गरज आहे. जागा अपुऱ्या आहेत, शहरातील भाडी परवडत नाहीत, आणि नाव सांगितल्यावर खोली नाकारली जाण्याचा अनुभव अजूनही येतो. तेव्हा ही मागणी सरसकट मागासलेली ठरविणे योग्य होणार नाही. शाहू महाराजांनी ती ज्या कारणाने मान्य केली, ते कारण पुरते नाहीसे झालेले नाही. मात्र १९०८ साली जैन बोर्डिंगच्या दारातून बाहेर पडलेल्या मुलाने त्या व्यवस्थेची जी उणीव ओळखली होती, तीही नाहीशी झालेली नाही. गुणांच्या चढाओढीत मागे पडलेल्या, बोलण्यात गावाकडचा हेल असलेल्या मुलाला आजच्या निवासी शाळेत रात्री कोणाच्या खोलीचे दार वाजविता येते, हा प्रश्न पालकांनी शुल्क भरताना विचारावयास हरकत नाही. माहितीपत्रकात त्याचे उत्तर छापलेले नसते.

१९५९ साली भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण किताब दिला, पुणे विद्यापीठाने सन्माननीय डी. लिट. पदवी दिली. मॅट्रिक न झालेल्या माणसाला ही पदवी मिळाली, तेव्हा त्यांची प्रकृती ढासळली होती. ९ मे १९५९ रोजी त्यांचे निधन झाले. लक्ष्मीबाईंना जाऊन तेव्हा एकोणतीस वर्षे झाली होती, आणि त्यांनी ज्यांना प्रथम वाढले होते ती मुले एव्हाना चाळिशी-पन्नाशीच्या घरात होती.